बाण उलटला, गुण तेच राहिले

आमच्या शनिवारच्या अभ्यासगटात सहा जण येतात. त्यातले दोघं या प्रकरणात आहेत. एक छातीरोग विभागात काम करणारी तरुण डॉक्टर, दुसरा विम्याची आकडेमोड करणारा विश्लेषक. मी सगळ्यांना एकच घरपाठ दिला होता: फाइलमध्ये दहा हजार नोंदी आहेत, त्यांवरून प्रोग्रामकडून बेझियन नेटवर्कची (कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीवर अवलंबून आहे हे बाणांनी आणि शक्यतांच्या आकड्यांनी दाखवणाऱ्या आकृतीची) रचना शिकून घ्या आणि आकृती छापून आणा. फाइल एक, प्रोग्राम एक, सेटिंगही एकच. डॉक्टरच्या आकृतीत बाण धूम्रपानाकडून फुप्फुसाच्या कर्करोगाकडे जात होता. विश्लेषकाच्या आकृतीत तो कर्करोगाकडून धूम्रपानाकडे जात होता. आकृतीखाली छापलेला बीआयसी गुण (आकृती नोंदींशी किती जुळते त्यातून तिच्या गुंतागुंतीचा दंड वजा केलेला आकडा) मात्र दोघांचा तोच होता, कागदावर दिसत होते तितक्या सगळ्या दशांशांपर्यंत.

"मॅडम, याचं काहीतरी चुकलंय," डॉक्टर म्हणाली. "कर्करोग झाला म्हणून कोणी सिगारेट ओढायला लागतं का?"

"चुकलं असतं तर गुण कमी पडले असते ना," विश्लेषक म्हणाला.

त्याने एकच गोष्ट वेगळी केली होती. फाइलमधले स्तंभ त्याने आपल्या सोयीने मागेपुढे लावले होते आणि त्यात कर्करोगाचा स्तंभ धूम्रपानाच्या आधी आला होता. तेवढ्यावरून बाण फिरला.

त्या दुपारचा ठरलेला विषय आम्ही बाजूला ठेवला आणि हा एक बाण घेऊन बसलो. ते सगळं इथे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण ही गफलत मी चांगल्या अनुभवी लोकांच्या अहवालांतही पाहिली आहे. प्रोग्रामने काढलेला बाण दिसला की शेपटीपाशी 'कारण' आणि टोकापाशी 'परिणाम' लिहून लोक मोकळे होतात. पुढे त्यावर निर्णय घेतले जातात, पैसे खर्च होतात, आणि त्या बाणाची दिशा स्तंभांच्या क्रमावरून ठरली होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नोंदी कुठल्या होत्या

नोंदी खऱ्या रुग्णांच्या नव्हत्या, मीच तयार केल्या होत्या. १९८८ साली स्टेफन लॉरिट्झेन आणि डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात समजावून सांगण्यासाठी त्यांनी एक छोटं काल्पनिक उदाहरण रचलं होतं: धाप लागते म्हणून छातीच्या दवाखान्यात आलेला माणूस. त्यात आठ नोड, म्हणजे हो-नाही उत्तराच्या आठ गोष्टी, आणि त्यांना जोडणारे आठ बाण आहेत. हे विषय शिकवणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून हे नेटवर्क कधी ना कधी गेलेलं असतं. मला ते आवडतं, कारण ते कागद-पेन्सिलने तपासता येतं.

त्यातले आकडे असे. १ टक्का लोक नुकतेच आशियात जाऊन आलेले. जाऊन आलेल्यांत क्षयाची शक्यता ५ टक्के, बाकीच्यांत १ टक्का. निम्मे लोक धूम्रपान करणारे. त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता १० टक्के, न करणाऱ्यांत १ टक्का. ब्राँकायटिसची शक्यता धूम्रपान करणाऱ्यांत ६० टक्के, न करणाऱ्यांत ३० टक्के. मग मधला एक नोड येतो, त्याला आम्ही 'क्षय-वा-कर्करोग' म्हणतो. दोन्हींपैकी एक जरी असेल तर तो 'हो'. तो 'हो' असेल तर एक्स-रेवर डाग दिसण्याची शक्यता ९८ टक्के, नसेल तर ५ टक्के. शेवटी धाप. तिला दोन पालक आहेत, म्हणजे तिच्याकडे दोन नोडांतून बाण येतात: क्षय-वा-कर्करोग आणि ब्राँकायटिस. दोन्ही असतील तर ९० टक्के, पहिलाच असेल तर ७०, ब्राँकायटिसच असेल तर ८०, काहीच नसेल तर १०.

हे उदाहरण युरोपात बसून रचलेलं आहे, हे 'आशिया' या नोडवरून लगेच कळतं. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाचं 'हो'च येणार. ज्या स्तंभात एकच उत्तर आहे त्याचा कशाशीही संबंध डेटात दिसूच शकत नाही, मग बाणाची दिशा तर दूरची गोष्ट. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. हे नेटवर्क इथे वापरायचं तर त्या जागी 'घरात कुणाला क्षय आहे का' असा प्रश्न ठेवावा लागेल. डॉक्टरने हे पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं.

चार खणांचा तक्ता

फळ्यावर मी आधी फक्त धूम्रपान आणि कर्करोग हे दोन नोड घेतले. दहा हजार माणसं धरली तर चार खण भरतात. धूम्रपान आहे आणि कर्करोगही आहे: ५००. धूम्रपान आहे, कर्करोग नाही: ४,५००. धूम्रपान नाही, कर्करोग आहे: ५०. दोन्ही नाही: ४,९५०.

डॉक्टरच्या आकृतीप्रमाणे हे खण असे भरतात: धूम्रपानाची शक्यता ०.५, मग त्यातून कर्करोगाची ०.१ किंवा ०.०१. ०.५ गुणिले ०.१ म्हणजे ०.०५, म्हणजे ५०० माणसं. आता विश्लेषकाच्या आकृतीप्रमाणे. एकूण कर्करोग ५५० जणांना, म्हणजे शक्यता ०.०५५. या ५५० पैकी ५०० धूम्रपान करणारे, म्हणजे ०.९०९. कर्करोग नसलेले ९,४५०, त्यांत धूम्रपान करणारे ४,५००, म्हणजे ०.४७६. आता उलट दिशेने गुणाकार करा. ०.०५५ गुणिले ०.९०९ म्हणजे पुन्हा ०.०५. चारही खण जसेच्या तसे भरले.

"म्हणजे एकच तक्ता आडवा वाचला की उभा, एवढाच फरक?" विश्लेषकाने विचारलं.

हो, या दोन नोडांपुरता तेवढाच. दोन्ही आकृत्यांना तीनच आकडे लागतात, दोन्ही त्याच चार खणांवर येऊन थांबतात. नोंदी दहा हजारांऐवजी दहा कोटी आणल्या तरी गुण सारखेच पडतील. डेटा कमी पडतोय असा हा प्रश्नच नाही. त्या तक्त्यात दिशेची माहिती मुळात नाहीच.

मग बाण काढायचेच कशाला

हे ऐकून डॉक्टर जरा वैतागली. सगळेच बाण असे उलटत असतील तर ही आकृती म्हणजे नुसती जाळी झाली, असं तिचं म्हणणं. पण सगळे उलटत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

क्षय आणि कर्करोग घ्या. या नेटवर्कमध्ये त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एखाद्याला कर्करोग आहे हे कळलं तरी त्याला क्षय असण्याची शक्यता १.०४ टक्के होती तेवढीच राहते. आता मधल्या नोडचं उत्तर आपल्याला कळलं: 'हो', दोन्हींपैकी काहीतरी आहे. लगेच क्षयाची शक्यता १६ टक्क्यांवर जाते. मग दुसरी तपासणी येते आणि कळतं की कर्करोग आहे. क्षयाची शक्यता झटक्यात पुन्हा १.०४ वर, कारण 'हो' का आलं याचा खुलासा झाला. आणि कर्करोग नाही असं कळलं तर क्षय शंभर टक्के. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या दोन गोष्टी, त्यांचा सामाईक परिणाम कळताच एकमेकींशी बांधल्या जातात.

डॉक्टरला हे सूत्र नको होतं, ती रोज हेच करते. "डाग दिसला की दोन्हींचा संशय घ्यायचा, एक पक्कं झालं की दुसऱ्याचा संशय उतरतो," ती म्हणाली.

हा ठसा फक्त एकाच मांडणीतून उमटतो: दोन बाण एकाच नोडवर येऊन भिडतात आणि ते जिथून निघाले त्या दोन नोडांमध्ये थेट रेघ नसते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार, म्हणून व्ही-रचना. बाकी कोणत्याही मांडणीत याच्या बरोबर उलट घडतं: मधलं कळलं की दोन टोकांचा संबंध तुटतो. म्हणून व्ही-रचना डेटात ओळखू येते. १९९० मध्ये थॉमस व्हर्मा आणि ज्युडिया पर्ल यांनी सिद्ध केलेला निकाल यावरच उभा आहे. दोन आकृत्यांचा बाणविरहित सांगाडा सारखा असेल आणि व्ही-रचनाही त्याच असतील, तर त्या समतुल्य, म्हणजे सशर्त स्वातंत्र्याची ('अमुक कळलं की या दोघांचा संबंध उरत नाही' अशी) तीच विधानं दोन्हींतून निघतात. दोन्हींपैकी एक जरी वेगळं असेल तर त्या समतुल्य नाहीत.

आमच्या नेटवर्कमध्ये अशा दोन व्ही-रचना आहेत. क्षय आणि कर्करोग मधल्या नोडवर भिडतात ही एक. मधला नोड आणि ब्राँकायटिस धापेवर भिडतात ही दुसरी. हे चार बाण डेटानेच पक्के केले. पाचवा बाण, मधल्या नोडकडून एक्स-रेकडे जाणारा, कुठल्याच व्ही-रचनेत नाही, तरी तोही पक्का आहे. तो उलटला तर एक्स-रेकडून येणारा बाण क्षयाच्या बाणाशी भिडेल आणि नवी व्ही-रचना तयार होईल. ती रचना म्हणेल की क्षय आणि एक्स-रेवरचा डाग यांचा संबंध नाही. दहा हजारांत क्षय आणि डाग दोन्ही असलेले खरे तर १०२ जण हवेत. संबंध नसता तर साधारण ११ असते. इतका फरक कुठलाही प्रोग्राम सोडणार नाही. व्ही-रचनांवरून असे आणखी कोणते बाण पक्के होतात हे काढण्याचे नियम क्रिस्टोफर मीक यांनी १९९५ मध्ये नीट लावून दिले.

उरले तीन बाण: आशिया–क्षय, धूम्रपान–कर्करोग, धूम्रपान–ब्राँकायटिस. यांना डेटा दिशा देत नाही. या समतुल्य गटाचं प्रामाणिक चित्र काढायचं तर पाच जागी बाण आणि तीन जागी साधी रेघ काढावी लागते. अशा चित्राला मी सारचित्र म्हणते.

तीन रेघा, पण आठ आकृत्या नाहीत

इथे विश्लेषकाने घाई केली. तीन रेघा, प्रत्येकीच्या दोन दिशा, म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ आकृत्या. हे उत्तर मला दर वर्षी मिळतं आणि दर वर्षी मी इथे थांबते, कारण 'उलटता येणारा बाण' म्हणजे 'केव्हाही, कसाही उलटता येणारा बाण' नव्हे.

आशिया–क्षय ही रेघ स्वतंत्र आहे, दोन्ही दिशा चालतात. धूम्रपानाच्या दोन रेघा मात्र एकमेकींशी बांधलेल्या आहेत. धूम्रपान मध्ये, एका बाजूला कर्करोग, दुसऱ्या बाजूला ब्राँकायटिस. धूम्रपानातून दोन्हीकडे बाण जाऊ शकतात. कर्करोगाकडून धूम्रपान आणि तिथून ब्राँकायटिस, हेही चालतं. ब्राँकायटिसकडून धूम्रपान आणि तिथून कर्करोग, हेही. पण दोन्हीकडून बाण धूम्रपानावर येऊन भिडले तर व्ही-रचना झाली, आणि ती खऱ्या नेटवर्कमध्ये नाही. ही चौथी मांडणी म्हणते की कर्करोग आणि ब्राँकायटिस यांचा आपसात संबंध नाही. दहा हजारांत दोन्ही असलेले ३१५ जण आहेत. संबंध नसता तर २४७ किंवा २४८ असते. मांडणी बाद. दोन गुणिले तीन, म्हणजे गटात आकृत्या सहा.

हे करून बघण्यासाठी डेव्हिड चिकरिंग यांनी १९९५ मध्ये दिलेली खूण फार उपयोगी पडते. बाण ज्याच्याकडे जातो त्याचे पालक आणि बाण ज्याच्यातून निघतो त्याचे पालक तपासायचे. निघणारा नोड स्वतः वगळला तर दोघांचे पालक तेच असतील, तर तो बाण झाकलेला. झाकलेला बाण उलटला तर गट बदलत नाही. आणि गटातल्या कोणत्याही आकृतीतून दुसऱ्या कोणत्याही आकृतीत असेच एकेक झाकलेले बाण उलटत पोहोचता येतं.

डॉक्टरच्या आकृतीत धूम्रपानाला पालक नाही, कर्करोगाला धूम्रपानाशिवाय दुसरा पालक नाही. बाण झाकलेला, उलटा खुशाल. उलटला की धूम्रपानाला कर्करोग हा पालक मिळाला. आता धूम्रपान–ब्राँकायटिस हा बाण बघा: धूम्रपानाला एक पालक आहे, ब्राँकायटिसला तो पालक नाही. क्षणापूर्वी झाकलेला असलेला हा बाण आता उघडा पडला. तो उलटायचा असेल तर आधी पहिला बाण पूर्ववत करावा लागतो. विश्लेषकाने हे फळ्यावर स्वतः दोनदा करून पाहिलं, मग मान हलवली.

"आणि मला तो उघडा बाण उलटायचाच असेल तर?"

तर जास्तीचा बाण घालावा लागतो. रॉस शॅक्टर यांनी १९८६ मध्ये दाखवलेली रीत अशी: बाण उलटवताना दोन्ही नोडांनी एकमेकांचे पालक आपलेसे करायचे. इथे कर्करोगाकडून ब्राँकायटिसकडे नवा बाण येतो. वितरण तेच राहतं, पण मूळ नेटवर्कला १८ आकडे लागायचे ते आता २० लागतात, आणि 'धूम्रपान कळलं की कर्करोग आणि ब्राँकायटिस यांचा संबंध उरत नाही' हे विधान आकृतीतून पुसलं जातं. निदान उलट दिशेने होतं म्हणून एक्स-रेकडून मधल्या नोडकडे बाण काढणारे लोक भेटतात. त्यांनी हा हिशेब जरूर करावा. क्षय आणि कर्करोग दोन्ही एक्स-रेचे पालक होतात आणि त्या दोन नोडांचे मिळून सहा आकडे बारा होतात.

जाता जाता आकारमानाची एक गोष्ट. तीन नोडांवर २५ आकृत्या निघतात आणि त्यांचे ११ समतुल्य गट पडतात. आठ नोडांवर आकृत्या ७८,३७० कोटींहून जास्त, गट २१,२१३ कोटींहून जास्त. सरासरी काढली तर एका गटात चारही आकृत्या येत नाहीत. समतुल्यतेमुळे शोधाचं काम फार हलकं होईल अशी आशा ठेवू नये.

प्रोग्रामने काय केलं होतं

आता मूळ तक्रारीकडे. दोघांच्या प्रोग्रामने एकेक बाण घालत, काढत, उलटत गुण वाढवत नेले. धूम्रपान–कर्करोग जोडायची वेळ आली तेव्हा दोन्ही दिशांना गुण सारखेच वाढत होते. बरोबरी झाली की प्रोग्राम यादीत जे आधी येईल ते उचलतो. डॉक्टरच्या फाइलमध्ये धूम्रपान आधी होतं, विश्लेषकाच्या फाइलमध्ये कर्करोग. बीआयसी समतुल्य आकृत्यांना समान गुण देतो. हेकरमन, गायगर आणि चिकरिंग यांनी १९९५ मध्ये मांडलेला बीडीई हा दुसरा गुणही त्याच हेतूने घडवलेला आहे. कूपर आणि हर्स्कोविट्स यांचा १९९२ चा के-टू गुण तसा नाही. तो समतुल्य आकृत्यांतही डावं-उजवं करतो, आणि त्यामुळे दिशा सापडल्याचा भास होतो.

एक बाण मात्र दोघांच्याही आकृतीत नव्हताच: आशिया–क्षय. डॉक्टरला याचं जास्त वाईट वाटलं. हिशेब केला. दहा हजारांत आशियात जाऊन आलेले आणि क्षय असलेले सरासरी पाच जण येतात, संबंध नसता तर एक आला असता. हा बाण घातल्याने लॉग-लाइकलीहूड, म्हणजे आकृती नोंदींशी किती जुळते याचं माप, सरासरी ४.०५ ने वाढतं. एक आकडा वाढल्याबद्दल बीआयसी दंड लावतो ४.६१. सौदा तोट्याचा, म्हणून बाण नाही. इथे डेटा खरोखर कमी पडतो, नोंदी वाढवल्या की तो बाण उगवेल. रेघ सापडली नाही आणि दिशा सापडली नाही या दोन वेगळ्या उणिवा आहेत, आणि नोंदी वाढवून फक्त पहिलीच भरून निघते.

६४९ रुग्ण आणि ६४९ इतर

डॉक्टरचं समाधान अजून झालं नव्हतं. गुण समान असले तरी कर्करोगाकडून धूम्रपानाकडे जाणारा बाण मूर्खपणाचा आहे, हे तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मी तिला १९५० सालच्या लंडनमध्ये नेलं.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी तिथल्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले आणि तुलनेला दुसऱ्या आजारांचे ६४९ पुरुष. कर्करोगाच्या रुग्णांत कधीच धूम्रपान न केलेले निघाले फक्त २. दुसऱ्या गटात २७. आता हा अभ्यास नेटवर्कच्या भाषेत वाचा. आधी आजार ठरवला, मग धूम्रपान विचारलं. थेट मोजलं गेलं ते 'कर्करोग असेल तर धूम्रपानाची शक्यता'. म्हणजे विश्लेषकाचाच बाण! धूम्रपान करणाऱ्याला कर्करोग होण्याची शक्यता या तक्त्यातून थेट निघतच नाही, कारण निम्मे रुग्ण हे संशोधकांनीच ठरवून घेतले होते. तरीही काम भागलं, कारण शक्यतांचं विषम प्रमाण (ऑड्स रेशो: चार खणांतल्या तिरप्या जोड्यांचे गुणाकार काढून एकाला दुसऱ्याने भागायचं) दोन्ही दिशांनी तेच येतं. त्यांच्या तक्त्यात ते १४ च्या आसपास आहे. आमच्या फळ्यावरच्या चार खणांत ११ येतं, आडवं काढा की उभं.

पण मग कारण कुठलं? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हाच मुद्दा १९५० च्या दशकाच्या शेवटी लावून धरला. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती दोन्ही एकाच अनुवंशिक कारणातून येत असतील, असं ते म्हणत. कर्करोगाच्या आधीची फुप्फुसातली जळजळच माणसाला सिगारेटकडे नेत असेल, ही शक्यताही नाकारता येत नाही असं त्यांनी लिहिलं. ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, आणि त्यांचा निष्कर्ष चुकला. तरी तक्त्यातून दिशा निघत नाही एवढं त्यांचं म्हणणं निखळ बरोबर होतं, आणि ते मान्य करूनच पुढे जावं लागतं.

दिशा आली ती तक्त्याबाहेरून. डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली. ४० हजारांहून जास्त जणांनी ती दिली. मग ते थांबले आणि मृत्यूच्या नोंदी येतील तशा जोडत गेले. १९५४ च्या पहिल्या अहवालात फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले ३६ डॉक्टर होते, त्यांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. आता धूम्रपान आधी नोंदलेलं, आजार नंतरचा. पुढे सिगारेट सोडलेल्यांचा धोका उतरत गेल्याचंही दिसलं. अनुवंशिक कारणाच्या मुद्द्यावर जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये उत्तर दिलं: धोका नऊपट दिसत असेल तर त्याचा पूर्ण खुलासा करणारं छुपं कारण धूम्रपान करणाऱ्यांत किमान नऊपट जास्त आढळायला हवं. असं काही कुणाला दाखवता आलं नाही.

दिशेने एवढा फरक का पडतो, हे आमच्या तीन मांडण्यांत लगेच दिसतं. समजा दहा हजारांपैकी प्रत्येकाचं धूम्रपान आपण बंद केलं. धूम्रपानातून दोन्ही बाण निघतात त्या आकृतीत कर्करोगाचे रुग्ण ५५० वरून १०० वर येतात आणि ब्राँकायटिसचे ४,५०० वरून ३,००० वर. विश्लेषकाच्या आकृतीत कर्करोग ५५० च राहतो, फक्त ब्राँकायटिस उतरतो. तिसरीत ब्राँकायटिस ४,५०० राहतो आणि कर्करोग उतरतो. न हात लावता नुसतं बघत राहिलो तर तिघी एकच. हात लावला की तिघींची उत्तरं तीन. सिगारेटवर कर लावायचा की नाही हे विचारणाऱ्याला यातली कुठलीही आकृती गुणांच्या जोरावर दाखवणं हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

घरपाठ परत

दोघांनी आकृत्या पुन्हा काढल्या. या वेळी विश्लेषकाने आशिया वेगळं ठेवलं, पाच बाण काढले, धूम्रपानाच्या दोन्ही बाजूंना साध्या रेघा ओढल्या आणि खाली लिहिलं: 'तीन आकृत्या, गुण समान'. डॉक्टरने धूम्रपान–कर्करोग हा बाण वैद्यकीय ज्ञानावरून पक्का केला आणि तो वेगळ्या रंगात काढला, म्हणजे तो डेटाने दिलेला नाही हे दिसावं. तिच्याकडे ब्राँकायटिसची एकच रेघ उरली.

ती रेघही ती रंगवायला निघाली आणि मध्येच थांबली. त्यांच्या विभागाच्या तपासणी-फॉर्मवर प्रश्न आहे, 'धूम्रपान करता का? हो / नाही.' वर्षानुवर्षं खोकणारे कितीतरी जण तिथे 'नाही' सांगतात, कारण खोकल्याला कंटाळून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी सोडलेली असते. कर्करोगाचं निदान झालेले तर बहुतेक 'नाही'च सांगतात. त्या स्तंभात आजाराकडून धूम्रपानाकडे जाणारा बाण खरोखरच आहे, आणि तिने मघाशी त्यालाच मूर्खपणा म्हटलं होतं. डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये 'सध्या ओढता का' एवढ्यावर भागवलं नव्हतं; कधीकाळी वर्षभर रोज निदान एक सिगारेट ओढलेला माणूस त्यांनी धूम्रपान करणारा धरला होता.

पुढच्या शनिवारी ती नव्या फॉर्मचा मसुदा घेऊन आली. त्या एका प्रश्नाच्या जागी आता चार ओळी आहेत: कधी सुरू केलं, दिवसाला किती, कधी सोडलं, आणि सोडलं तेव्हा खोकला किंवा धाप सुरू झाली होती का.